रानातलं बौद्धमंदिर आणि दवाखाने बांधणारा राजा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की आपण सम्राट अशोकावर लिहितो, राजा मिलिंदावर लिहितो, हर्षवर्धनावर लिहितो. ते लिहायलाच पाहिजे. पण समुद्रापलीकडे धम्माला मानणारे जे मोठे राजे होऊन गेले, त्यांची नावंसुद्धा आपल्या पोराबाळांना ठाऊक नाहीत. म्हणून यंदा आम्ही कंबोज देशाचा, म्हणजे आजच्या कंबोडियाचा राजा सातवा जयवर्मन याचं चरित्र उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहोत. आठशे वर्षांपूर्वी या राजाच्या राज्यात 102 दवाखाने चालत होते. ज्याने दवाखाने बांधले त्यानेच एक प्रचंड मंदिरही बांधलं, आणि ते आज एका खेडेगावाला लागून रानात ढासळून पडलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

कंबोडियाच्या वायव्य कोपऱ्यात, थायलंडच्या सरहद्दीजवळ, बांतेय छमार नावाचं गाव आहे. अंगकोर या जुन्या राजधानीपासून सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर. भातशेती करणाऱ्यांचं गाव, लाकडी खांबांवर उभी केलेली घरं. गावाला लागूनच रुंद खंदक आहे. खंदक ओलांडून आत गेलं की झाडी, आणि झाडीच्या आत दगडी भिंत. ही भिंत अडीचशे मीटरच्या आसपास लांब आणि दोनशेच्या आसपास रुंद असा चौक धरते. भिंतीवर बाहेरच्या अंगाने चित्रंच चित्रं कोरलेली : सैन्य, हत्ती, होड्या, माणसं. भिंतीच्या आत मात्र पाय ठेवायला जागा नाही. एकावर एक पडलेले दगड, त्यावर शेवाळ, त्यातून वर आलेली झाडं. मध्येच एखादा मनोरा अजून उभा आहे आणि त्यावरून दगडाचा मोठा चेहरा शांतपणे खाली बघतो आहे.

हे असं का झालं, ते आपल्या चाळीतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पक्ष्याने टाकलेलं पिंपळाचं बी पन्हळीच्या फटीत रुजतं आणि दहा वर्षांत भिंत फोडतं, हे आपण डोळ्यांनी बघतो. तिथे तेच झालं, फक्त शेकडो वर्षं झालं. शिवाय या मंदिरांत चुना वापरलेला नाही. वाळूचा दगड घासून दुसऱ्यावर नुसता बसवायचा, अशी ती पद्धत. कमान बांधायची तर दोन्ही बाजूंचे दगड थराथराने पुढे काढत न्यायचे आणि वर भेटवायचे. त्यात या राजाच्या काळात कामाची फार घाई होती. जाणकार सांगतात की कित्येक ठिकाणी उभ्या सांध्यावर उभा सांधा आला आहे. आपल्याकडचा कुठलाही गवंडी सांगेल की सांधा मोडून घ्यावा, नाहीतर भिंत चिरते. एवढे कुशल कारागीर, त्यांना हे कळत नव्हतं असं आम्हाला वाटत नाही. वरून मुकादमाची घाई असली की खालचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं असावं.

आता राजाकडे येऊ.

जयवर्मनचा जन्म साधारण 1120 ते 1125 च्या दरम्यानचा. बापाचं नाव धरणींद्रवर्मन, आईचं जयराजचूडामणी. कंबोजच्या राजांची रीत शिवाला किंवा विष्णूला मानण्याची होती. जगप्रसिद्ध अंगकोर वाट हे मुळात विष्णूचं मंदिर, ते याच घराण्याच्या दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलं. पण जयवर्मनचा बाप बुद्धाला मानणारा होता आणि मुलावर तोच संस्कार झाला. बायकोचं नाव जयराजदेवी.

तरुणपणी जयवर्मन चंपा देशात होता. चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनामचा मधला व दक्षिणेकडचा किनारा. तो तिकडे असताना इकडे राजधानीत गादीवरून रक्त सांडलं. 1165 च्या सुमारास त्रिभुवनादित्यवर्मन नावाच्या माणसाने यशोवर्मन राजाला मारून गादी बळकावली. जयवर्मन धावत परत आला, पण उशीर झाला होता. त्याने लगेच तलवार काढली नाही. तो थांबला, आणि थोडाथोडका नव्हे, पंधराएक वर्षं थांबला.

या काळात जयराजदेवीचं काय झालं ते तिच्या थोरल्या बहिणीने लिहून ठेवलं आहे. बहिणीचं नाव इंद्रदेवी. ही बाई मोठी विद्वान, संस्कृतात काव्य रचणारी. नवरा परमुलखात आणि धाकटी बहीण उपासतापासाने अंग वाळवून घेते आहे, हे पाहून तिने बहिणीला बुद्धाचा मार्ग दाखवला. पुढे राणी झाल्यावर जयराजदेवीने आयांनी टाकून दिलेल्या शंभर मुली आपल्या पोटच्या म्हणून सांभाळल्या. ती वारल्यावर राजाने इंद्रदेवीशी लग्न केलं. इंद्रदेवी राणी होऊनही विहारांतून स्त्रियांना शिकवीत असे. हे सगळं अंगकोरला फिमेआनाकास इथे सापडलेल्या शिलालेखात आहे, आणि तो लेख खुद्द इंद्रदेवीने रचलेला. बाराव्या-तेराव्या शतकात एक बाई बायकांना शिकवते आणि दगडावर टिकेल असं काव्य रचते, ही गोष्ट आमच्या महिला मंडळाने जरूर ध्यानात ठेवावी.

1177 साली चंपाच्या राजाने आरमार घेऊन कंबोजवर चाल केली. नदीने वर येऊन, टोनले साप नावाचं समुद्रासारखं सरोवर ओलांडून त्याची गलबतं राजधानीला भिडली. त्रिभुवनादित्यवर्मन मारला गेला, शहर लुटलं गेलं. आता मात्र जयवर्मन उठला. चार वर्षं लढून त्याने शत्रूला हाकललं आणि 1181 साली राज्याभिषेक करून घेतला. तेव्हा तो साठीच्या घरात होता. आपल्यात या वयाला माणूस रिटायर होऊन ओट्यावर बसतो. या गृहस्थाने तिथून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं राज्य केलं.

पाण्यावरची ती लढाई दोन ठिकाणी कोरलेली आहे. एक अंगकोरला बायोन मंदिरावर आणि दुसरी आपल्या या बांतेय छमारच्या भिंतीवर. वल्हवणाऱ्यांच्या रांगा, भाले आणि पाण्यात पडणारी माणसं. बायोनच्या भिंतीवर त्याच्याच जोडीला बाजार मांडून बसलेल्या बायका, कोंबड्यांच्या झुंजी, चुलीवरचं जेवण, बाळंत होणारी बाईसुद्धा कोरली आहे. राजाच्या मंदिरावर मासे विकणारी बाई, हे आम्हाला विशेष वाटतं.

गादीवर आल्यावर राजाने बांधकामाचा धडाका लावला. आईच्या स्मरणार्थ 1186 साली ता प्रोम, त्यात प्रज्ञापारमितेची मूर्ती. बापाच्या स्मरणार्थ 1191 साली प्रेह खान. मग अंगकोर थॉम हे नवं शहर, एकेक बाजू तीन किलोमीटरची, आठ मीटर उंचीचा तट, पाच दरवाजे. त्याच्या मधोमध बायोन, चहूकडे चेहरेच चेहरे असलेलं. हे चेहरे बोधिसत्व लोकेश्वराचे की खुद्द राजाचे, यावर विद्वान अजून भांडतात. असे चेहऱ्यांचे मनोरे अंगकोरच्या बाहेर फार थोड्या ठिकाणी आहेत. त्यांतलं एक ठिकाण बांतेय छमार.

बांतेय छमार कोणासाठी बांधलं, ते तिथल्या शिलालेखावरून कळतं. ते राजपुत्र श्रीइंद्रकुमाराच्या स्मरणार्थ आहे. हा जयवर्मनचा मुलगा असं बहुतेक अभ्यासक धरतात. मधल्या गाभाऱ्यात त्याची मूर्ती होती आणि चार कोपऱ्यांवर चार सोबत्यांच्या मूर्ती होत्या. हे चौघे राजघराण्यातले नव्हते, राजपुत्राचे अंगरक्षक होते. भरत राहू नावाच्या बंडखोराने चाल केली तेव्हा त्यांतले दोघे राजपुत्राला वाचवताना पडले. उरलेले दोघे चंपाच्या स्वारीत पडले. अर्जुन, श्रीधरदेवपूर, श्रीदेवपूर आणि श्रीवर्धन, अशी त्या चौघांची नावं किंवा पदव्या लेखात कोरून ठेवल्या आहेत. राजासाठी मेलेल्या शिपायाचं नाव कोण लिहून ठेवतं? भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या महार शूरांची नावं वाचताना छाती भरून येते, ती कोरलेली आहेत म्हणूनच ना!

आता दवाखान्यांबद्दल. हे नुसतं स्तुतीचं बोलणं नाही. ता प्रोमच्या शिलालेखात 102 दवाखान्यांचा हिशोब आहे. त्यांच्या खर्चासाठी 838 गावं लावून दिली होती आणि त्या गावांतले 81,640 स्त्री-पुरुष धान्य पुरवीत होते. याशिवाय स्वतंत्र दवाखान्यांचे शिलालेख आजच्या कंबोडियात, थायलंडात आणि लाओसात सापडले आहेत. त्यांत मजकूर जवळपास एकच. भैषज्यगुरू, म्हणजे औषध देणारा बुद्ध, हे दवाखान्याचं दैवत. वैद्य, त्यांच्या हाताखाली माणसं, औषध वाटणारे, स्वयंपाकी, पाणी तापवणाऱ्या आणि औषध कुटणाऱ्या बाया, भात कांडणाऱ्या बाया, असा सगळा स्टाफ नेमलेला. वर्षातून तीनदा राजाच्या कोठारातून औषधांचा माल यायचा. त्यात काय असायचं? मध, साखर, कापूर, तीळ, मोहरी, जिरं, जायफळ, धने, बडीशेप, वेलदोडा, सुंठ, कंकोळ, वाळा, दालचिनी, हिरडा. यातलं निम्मं आपल्या आजीच्या डब्यात असायचं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की चारी वर्णांच्या लोकांना तिथे उपचार मिळावेत असं लेखातच नमूद आहे. रयतेच्या अंगाचं दुखणं राजाला स्वतःच्या दुखण्यापेक्षा जास्त लागत होतं, अशा अर्थाचं वचनही त्यात आहे.

प्रेह खानच्या लेखात 121 विश्रामगृहांची नोंद आहे. रस्त्यांच्या कडेने, साधारण पंधरा-पंधरा किलोमीटरवर, वाटसरूंना मुक्कामासाठी. चंपाच्या रस्त्यावर 57, आज थायलंडात असलेल्या फिमाईच्या रस्त्यावर 17, अशी ती विभागलेली होती. अशोकाने रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडं लावली, दवाखाने काढले. त्या वाटेने चालणारा राजा दीड हजार वर्षांनी आणि इतक्या दूर निघाला.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग हा तर सोन्यासारखा राजा. पण आम्ही गिरणी कामगार आहोत. आकडा दिसला की तो कुणाच्या अंगावरचा, हे आम्ही आधी बघतो. एकट्या ता प्रोमच्या सेवेला 3,140 गावं जोडलेली आणि 79,365 माणसं लावलेली. त्यात 615 नाचणाऱ्या बायका. मंदिरात प्रत्यक्ष राहणारेच 12,640. आणि ही फक्त एका मंदिराची गोष्ट. मस्टरवर नंबर असतो, नाव नसतं, तसं हे. बांतेय छमारला चार अंगरक्षकांची नावं आहेत, पण दगड ओढून आणणाऱ्या एकाचंही नाव नाही. शिवाय लढायाही त्याने थांबवल्या नाहीत. 1203 साली त्याने चंपा जिंकून आपल्या राज्याला जोडलं. दरबारात ब्राह्मण पुरोहितही होताच. ब्रह्मदेशाकडून आलेल्या हृषीकेश नावाच्या पंडिताला त्याने मुख्य पुरोहिताचा मान दिला होता. म्हणजे राजा बुद्धाचा, पण वर्णाची भाषा आणि पुरोहिताचं स्थान जागच्या जागी. आमच्या मते इथेच त्याचं कच्चं राहिलं. दवाखाना चारी वर्णांना उघडला ही मोठीच गोष्ट, पण बाबासाहेबांनी आपल्याला जे दिलं त्यात वर्णच उरत नाहीत.

तरी त्याच्या मूर्तीसमोर राग टिकत नाही, असं ती पाहिलेले सांगतात. नॉम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचा दगडी पुतळा आहे. मुकुट नाही, दागिना नाही, अंग स्थूल, केस मागे बांधलेले, डोळे मिटलेले, मान किंचित खाली. हात तुटलेले आहेत. एखादा म्हातारा उपासक वंदनेला बसावा तसा.

राजा 1218 च्या सुमारास वारला. पुढे तेराव्या शतकात आठव्या जयवर्मनच्या काळात उलट वारं फिरलं. अंगकोरच्या मंदिरांतल्या बुद्धमूर्ती छिन्नीने तासून काढल्या. कोनाड्यातली ध्यानस्थ बुद्धाची आकृती खरवडून तिथे शिवलिंग कोरलं किंवा तिचा दाढीवाला ऋषी करून टाकला. हजारो मूर्तींची ही गत झाली, आणि कोनाड्यांतल्या त्या खुणा आजही दिसतात. बायोनच्या मुख्य गाभाऱ्यात साडेतीन मीटरहून उंच बुद्धमूर्ती होती, वेटोळ्यावर बसलेली आणि डोक्यावर मुचलिंद नागाने फणा धरलेली. ती फोडून गाभाऱ्याखालच्या खड्ड्यात टाकली. 1956 साली नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची आठवण काढली होती. आपल्यापैकी ज्यांना ती माहीत आहे त्यांना या मूर्तीबद्दल वेगळं काही सांगायला नको. 1933 साली फ्रेंच संशोधकांना तिचे तुकडे सापडले, ते जोडले गेले, आणि 1935 साली अंगकोर थॉममध्येच तिची पुन्हा स्थापना झाली. तिथे लोक आजही फुलं वाहतात.

छिन्नी चालली, पण धम्म गेला नाही. 1296 साली चौ ता-क्वान नावाचा चिनी माणूस अंगकोरला आला आणि वर्षभर राहिला. डोकं मुंडलेले, पिवळं चीवर घेतलेले, उजवा खांदा उघडा, अनवाणी चालणारे आणि दिवसातून एकदाच जेवणारे भिक्खू त्याला तिथे सगळीकडे दिसले. हे थेरवादी भिक्खू. त्यांच्या विहाराला वाळूच्या दगडाचे मनोरे लागत नव्हते, ऐंशी हजार माणसंही लागत नव्हती. गावाने भिक्षा घातली की भागत होतं. कंबोडियाची खेडी बौद्ध राहिली ती या भिक्खूंमुळे. पुढे 1975 ते 1979 या काळात पोल पॉटच्या राजवटीने भिक्खूंची चीवरं उतरवली, विहार मोडले, माणसं मारली. त्यातूनही तिथला धम्म पुन्हा उभा राहिला.

बांतेय छमारचं नशीब मात्र वेगळं. सरहद्दीजवळचा मुलूख, लढाई वर्षानुवर्षं चालू, जमिनीत सुरुंग पेरलेले. रान वाढतच गेलं. मंदिराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर लोकेश्वराच्या आठ मोठ्या आकृती होत्या, अनेक हातांच्या. आमच्या मुंबईकरांनी कान्हेरीला 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर पाहिला असेल. तोच हा, तिथे लोकेश्वर म्हणतात. इतके हात कशाला, असं पोरं विचारतात. बुडणाऱ्या, भुकेल्या, आजारी अशा सगळ्यांना एकाच वेळी हात देता यावा म्हणून, अशी त्यामागची कल्पना. आपण त्याची पूजा करत नाही, पण कल्पना समजून घ्यायला हरकत नाही.

1998 साली चोरांनी या भिंतीवर घाला घातला. साधेसुधे भुरटे चोर नव्हते ते. वर्दीतली माणसं सामील होती, यंत्रं लावून भिंतीचे दगड सुटे केले गेले आणि ट्रकमध्ये भरून सरहद्द पार करण्यात आली. 1999 च्या जानेवारीत थायलंडच्या पोलिसांनी एक ट्रक पकडला, त्यात 117 दगड निघाले. 2000 साली ते कंबोडियाला परत मिळाले आणि नॉम पेनच्या संग्रहालयात दोन लोकेश्वर पुन्हा जुळवून उभे केले. जागेवर दोनच उरले आहेत, एक बावीस हातांचा आणि एक बत्तीस हातांचा. आठांपैकी बाकीचे काही ढासळले, काही गेले. भिंतीत तेवढी जागा रिकामी आहे.

पुढे तज्ज्ञ मंडळी आली, पडलेले दगड नंबर घालून मांडू लागली, भिंतीचा काही भाग पुन्हा रचला गेला. त्या कामाला गावातलीच माणसं लागली. गावकऱ्यांनी समिती करून आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरांत उतरवायला, जेवू घालायला आणि मंदिर दाखवायला सुरुवात केली. गावात रेशीम विणणाऱ्या मुलीही आहेत, हे वाचून आमच्यासारख्या साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला बरं वाटलं.

ज्या 1999 साली तो ट्रक पकडला गेला, त्याच साली अंगकोरजवळच्या सिएम रिआप शहरात लहान मुलांचा एक दवाखाना उघडला. बिआट रिखनर नावाच्या स्विस डॉक्टरने तो लोकांकडून देणग्या गोळा करून उभारला. स्वतः चेलो हे तंतुवाद्य वाजवून तो पैसे जमवीत असे. 2018 साली तो वारला. दवाखान्याला नाव दिलं आहे सातव्या जयवर्मनचं. खेड्यापाड्यांतून आया लेकरं घेऊन तिथे येतात, आणि उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत.